गुणा वेळिपाचा ख

तिनईघाटच्या वखारीत लाकडांवर नंबर कोरायचं काम गुणा वेळिपाकडे आलं, कारण त्याच्या आधीच्या माणसाचा पाय ओंडक्याखाली सापडला. एरवी गुणाचा आणि अक्षरांचा संबंध येण्याचं काही कारण नव्हतं. दिग्गीकडच्या एका वाडीवरचा तो कुणबी. पावसाळ्यात भात लावायचं आणि दिवाळी सरली की जंगलात लाकूडतोडीला नाहीतर ओढकामाला जायचं, असं त्याचं वर्ष. वखारीच्या विठ्ठल कारकुनानं एक दिवस त्याला हाक मारली, हातात पटाशी दिली, फळीवर खडूनं काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "हे बघून तसंच कोर."

"मला वाचता येत न्हाई," गुणा म्हणाला.

"तुला वाच कोण म्हणतंय? कोर."

तर गुणा आधी अक्षरं कोरायला शिकला आणि वाचायला मागाहून, तेही अडखळत, एकेक अक्षर तोंडानं उच्चारत. पण कोरायचं काम त्याच्या हातात असं बसलं की दोन वर्षांत वखारीतलं एकही लाकूड त्याच्याशिवाय आगगाडीवर चढेना.

त्याच्या अक्षराला वळण म्हणून नव्हतंच. ओंडका आडवा कापल्यावर जे तोंड दिसतं, त्याच्यावर सरळ धारेची पटाशी गोल फिरत नाही. फिरवली तर लाकडाची कपची उडते आणि अक्षराचं पोट फुटतं. म्हणून गुणानं गोलाईच सोडून दिली. ग ची गाठ तो तिकोनी कोरायचा. ठ म्हणजे सहा घाव. त म्हणजे एक उभा दांडा आणि त्याला टेकलेला कोयत्यासारखा एक कोन. बारीक वाशांच्या तोंडावर तर जागाच नसायची, आणि तेवढ्यात गावाचं नाव, साल, नंबर आणि ठेकेदाराचं पहिलं अक्षर सगळं मावायला हवं. मग गुणानं अक्षरं दाटीनं बसवली आणि उंच नेली. भाताचा तरवा दाट पेरला की रोपं जाडीला न भरता नुसती उंच सुटतात, तशी ती दिसायची.

१९०९ च्या उन्हाळ्यात पुढे बेळगावच्या वाटेवर मालगाडीचं इंजिन बिघडलं आणि गोव्याकडून येणारी गाडी तिनईघाटला तीन तास अडकून पडली. त्या गाडीत बेळगावचे येसाजीराव पाटणेकर होते. त्यांचा बेळगावात छापखाना होता. कंटाळून ते फलाटावर फेऱ्या मारत होते, आणि फिरता फिरता रुळांच्या पलीकडच्या वखारीत रचलेल्या लाकडांचे नंबर ते मोठ्यानं वाचायला लागले. सात-आठ वाचल्यावर त्यांनी नाकाला हात लावला. चष्मा डब्यातच राहिला होता.

ते तसेच रूळ ओलांडून वखारीत आले. "हे कोण कोरतं?"

विठ्ठल कारकुनानं गुणाकडे बोट दाखवलं. गुणाला वाटलं, वरून कुणी साहेबाचा माणूस तक्रार घेऊन आलाय.

"काय चुकलं काय, राव?"

"चुकलं नाही. हेच मला पाहिजे," येसाजीराव म्हणाले आणि एका ओंडक्यावरच बसले.

त्यांची अडचण त्यांनी सांगितली ती अशी. बेळगावाला नाटक मंडळ्या यायच्या. भिंतींवर चिकटवायला त्यांना मोठ्या अक्षरांच्या जाहिराती लागायच्या. मुंबईहून येणारा मोठा टाईप शिशाचा, वजनाला भारी आणि अंगानं गोलमटोल. मंडळ्यांची नावं हातभर लांब आणि कागद अरुंद. परवाच 'लोंढेकर प्रासादिक संगीत नाटक मंडळी' हे नाव छापताना 'मंड' एवढंच ओळीत मावलं, आणि 'ळी' खालच्या ओळीत एकटी पडली. मंडळीचे मालक छापखान्यात येऊन भांडून गेले होते.

"तुझं हे उंच, बारकं अक्षर मला लाकडात करून दे. एकेक वेगळं. मग हवं ते नाव जुळवता येईल," येसाजीराव म्हणाले. त्यांनी एका कागदावर सगळी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या लिहून दिल्या आणि उंचीच्या मापासाठी खिशातला एक शिशाचा खिळा, म्हणजे छापायचं सुटं अक्षर, दिला. गाडीनं शिटी दिली तसे ते पळाले.

गुणानं त्या पावसाळ्यात भाताचं काम उरकून साठ अक्षरं कोरली. लाकूड हेदाचं, वखारीत पडलेल्या तुकड्यांतलं. हेद पिवळसर, बारीक कणांचं, फण्या करायला वापरतात ते. पोत्यात घालून तो ती बेळगावला घेऊन गेला.

छापखान्यात मारुती नावाचा जुळारी होता, म्हणजे खिळे जुळवून ओळी लावणारा माणूस. पंचविशीचा, बोटं कायम काळी. त्यानं पहिल्या अक्षराला शाई लावली, कागद दाबला आणि उचलला. कागदावर काळा चौकोन उमटला होता. त्यात पांढरं अक्षर, आणि तेही उलटं.

येसाजीरावांनी कपाळावर हात मारला. "अरे, हे काय ओंडके आहेत का आत कोरायला? अक्षर वर राहायला पाहिजे आणि बाकीचं खाली जायला पाहिजे! आणि कोरायचं उलटं, म्हणजे उमटतं सुलटं!"

"मग त्ये आधी सांगायचं न्हवं का?" गुणा म्हणाला.

"एवढंही सांगावं लागतं?"

सांगावं लागत होतं. गुणानं छापखाना जन्मात पहिल्यांदा बघितला होता. पण हे बोलायला त्याला परतीच्या गाडीत सुचलं, तेव्हा समोर येसाजीराव नव्हते.

दुसऱ्या खेपेला त्यानं कागदाला खोबरेल लावून अक्षर पलीकडून दिसेल असं केलं, कागद उलटा करून लाकडावर चिकटवला आणि मग कोरायला घेतलं. हे काम निराळंच होतं. ओंडक्यावर चार घावांत अक्षर व्हायचं. इथं अक्षर सोडून बाकीचं सगळं काढायचं, आणि अक्षरं दाट म्हणून त्यांच्या पोटात पटाशीचं टोकही जाईना. पोट उथळ राहिलं तर शाई भरून बसते, खोल केलं तर भिंत तुटते. ह नं त्याचे पंधरा तुकडे खाल्ले. ळ च्या दोन डोळ्यांतला मधला पडदा दरवेळी शेवटच्या घावाला उडायचा. नवीन तुकडा घेऊन तो पुन्हा पहिल्यापासून बसायचा आणि कुणी हाक मारली तर ओ द्यायचा नाही.

सहा महिन्यांनी, शिमग्याच्या सुमारास, ती अक्षरं बेळगावला पोचली. जंगलातल्या ओलीत फुगलेलं लाकूड बेळगावच्या वाऱ्यावर आठ दिवसांत आकसलं. कुठलं अक्षर उंच राहिलं, कुठलं बुटकं झालं. एका ओळीत लावल्यावर शिरोरेघ जागोजागी तुटलेली, मधले दात पडलेल्या तोंडासारखी. मारुती बुटक्या अक्षरांखाली कागदाच्या घड्या घालून घालून थकला.

"राव, हे लाकूड जिवंत हाय अजून," तो म्हणाला.

गुणा पोतं घेऊन घरी आला आणि त्यानं ते अंगणात आपटलं. त्याची बायको केशर चुलीशी होती. दोन दिवस ती पोत्याला वळसा घालून ये-जा करत राहिली. तिसऱ्या दिवशी त्यानंच सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "चुलीवरच्या माळ्यावर घाला लाकूड. आमटीचा लाकडी डाव तिथं टांगलाय सात वर्सं. कधी फुगला का, तडकला का?"

"किती दिवस घालू?"

"एक पावसाळा जाऊ दे वरनं."

"वर्सभर थांबू?"

"आत्तापातुर नऊ म्हयने घालवलासाच न्हवं?" केशर म्हणाली.

त्याला राग आला, कारण तिचं बरोबर होतं. हेदाच्या चकत्या वर्षभर माळ्यावर धूर खात राहिल्या. खाली उतरवल्यावर केशरनं त्यांना गरम भिरंडेल चोळलं. भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप, पाय भेगाळले की लावतात ते. लाकूड गूळपोळीच्या रंगाचं झालं आणि ओलं फडकं ठेवलं तरी पाणी पिईना. तिसरा संच कोरून व्हायला १९१२ उजाडलं. तोवर गुणाला उलटी अक्षरं सुलट्या अक्षरांपेक्षा लवकर वाचता यायला लागली होती, आणि वखारीत नंबर कोरताना दोनदा त्याच्या हातून आकडे उलटे पडले. विठ्ठल कारकुनानं त्यासाठी त्याला चारचौघांत झापलं.

ह्या वेळी सगळं जमलं. मारुतीनं ओळ लावली, शाई फिरवली, कागद दाबला. 'लोंढेकर प्रासादिक संगीत नाटक मंडळी' सलग एका ओळीत उभी राहिली. 'ळी' सुद्धा आपल्या जागी. शिरोरेघ सुतात. येसाजीरावांनी तो कागद रस्त्याच्या पलीकडे नेऊन भिंतीला लावला आणि चष्मा काढून वाचला. मग परत येऊन त्यांनी गुणाच्या पाठीवर थाप मारली.

मारुती एव्हाना दुसरी ओळ लावत होता. ती छापून त्यानं गुणापुढे धरली. गुणा सवयीनं एकेक अक्षर लावत वाचायला लागला.

"आ…ज… र…वा…स… र…वे…ळ." तो थांबला. "हे रवास म्हंजे काय?"

मारुती हसला. "खास हाय ते गुणामामा. खास खेळ."

"मला रवास दिसतंय."

"तो ख हाय, ख."

"व्हय, पण मला रवास दिसतंय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हातानं गोल काढलेल्या ख मध्ये र चं शेपूट लांब जातं आणि व ला कुशीत घेतं. गुणाच्या अरुंद अक्षरात शेपटाला जागाच नव्हती. र एक सरळ उभा राहिला होता आणि व दुसरा, दोघांमधलं अंतर दोन अक्षरांत असतं तेवढंच. शिकलेला माणूस अख्खा शब्द एकदम बघतो, त्यामुळे येसाजीरावांच्या आणि मारुतीच्या ते ध्यानात आलं नाही. अक्षर लावत वाचणाऱ्याला मात्र रवा दिसायचा. आणि नाटकाला येणारी निम्मी माणसं अक्षर लावूनच वाचणारी होती.

जाहिराती भिंतींवर गेल्या. दोन दिवसांत बाजारात टवाळी सुरू झाली. रवास रवेळाला शिऱ्याचं जेवण मिळणार का, म्हणून लोक नाटकाच्या तंबूपाशी विचारायला लागले. मंडळीचे मालक पुन्हा छापखान्यात आले. येसाजीरावांनी गुणाला निरोप धाडला, की तुझ्या अक्षरामुळे माझी शोभा झाली.

गुणा निरोपाबरोबरच आला, आणि येताना उपाय घेऊन आला. त्यानं र चं शेपूट तिरकं खाली आणून व च्या दांड्याच्या पायथ्याला जोडून टाकलं होतं. एकच सलग अक्षर. मारुतीनं छापून बघितलं आणि त्याच्या तोंडून "वा" निघून गेलं.

येसाजीरावांनी कागद हातात घेतला. "हे काय?"

"ख."

"असा ख असतो?"

"र चं शेपूट व च्या पायाला बांधलंय, राव. आता सुटत न्हाई."

"अक्षरं म्हणजे काय तुझ्या वाडीवरची गुरं आहेत का, बांधायला नि सोडायला? शेकडो वर्षं लोक ख लिहितात. त्यांना हे सुचलं नाही, आणि तुला सुचलं?"

"पण वाचता येतोय न्हवं?"

"वाचता येण्याचा प्रश्न नाही गुणा. चूक आहे ती. उद्या कुणी मास्तर म्हणेल, पाटणेकरांना मुळाक्षरं येत नाहीत."

"आणि रवेळ बरोबर हाय?"

मारुतीनं तोंड फिरवलं. येसाजीराव तांबडे झाले. "दोन भाग जवळ आण. तेवढं पुरे आहे. जोडायचं नाही."

गुणानं भाग जवळ आणले. शाई मधल्या फटीत भरली आणि ख चा नुसता ठिपका झाला. मग र बारीक केला, तर तो स्व सारखा दिसायला लागला. मग व रुंद केला, तर नाव ओळीत मावेना. प्रत्येक खेपेला दिग्गीच्या वाडीवरून तिनईघाट, तिथून गाडीनं बेळगाव, छापखान्याच्या दारात दोन तास बसायचं आणि "अजून नाही जमलं" एवढं ऐकून परत यायचं. जमलेला ख त्याच्या पिशवीतच असायचा. तो तो दरवेळी बाहेर काढायचा आणि येसाजीराव दरवेळी हातानं बाजूला सारायचे. शेवटी कंटाळून त्यांनी मुंबईच्या शिशाच्या टाईपातला गोल ख घेतला आणि तोच गुणाच्या अक्षरांत बसवायला सांगितला.

मग पाच-सहा वर्षं तसंच चाललं. गुणाचं अक्षर बेळगाव, खानापूर, हल्याळपर्यंत गेलं. सर्कशीच्या जाहिराती, गुरांच्या बाजाराची पत्रकं, गोळ्या-औषधांच्या पाट्या, आणि लाकडाच्या लिलावाच्या नोटिसासुद्धा त्याच अक्षरात निघायच्या, कारण लांबून दिसायचं आणि कमी जागेत पुष्कळ बोलायचं. लिलावाची एक नोटीस तिनईघाटच्या वखारीच्या दारावर लागली. माणसं वाचत होती. गुणाही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. सगळी अक्षरं त्याची होती, उंच आणि ताठ. मधेच 'तारीख' मध्ये तो गुबगुबीत गोल ख. दुसऱ्याच्या वरातीत घुसलेल्या माणसासारखा.

त्यानं सरळ हात घालून नोटिशीचा तेवढा तुकडा फाडला. राखणदार म्हादू धावत आला. "अरे गुणा, तारीखच फाडलीस की! आता लिलाव कवा?"

त्याबद्दल त्याला एक दिवस बिनकामाचं घरी बसावं लागलं. केशर वैतागली. "एका अक्षरापायी किती वर्सं त्वांड पाडून बसनार हायसा? बाकीची बरी हायत न्हवं?"

"बाकीची बरी हायत म्हणून तर!" गुणा म्हणाला. "सगळीच वाईट असती तर मी सोडलं असतं. ऐक गे, घासात एक खडा लागला की बाकीचं शीत बरं लागतं का?"

"खडा काढून टाकावा नि जेवावं."

"तोच काढू देईत न्हाईत न्हवं!"

१९१८ साली तापाची साथ आली. आधी गाडीच्या माणसांना, मग वखारीला, मग वाड्यावाड्यांतून. तिनईघाटला दहा दिवस लाकूड हललं नाही. विठ्ठल कारकून त्यात गेला. गुणाला पहिली अक्षरं ज्यानं खडूनं लिहून दिली तो माणूस, आणि गुणा स्वतःच आडवा असल्यामुळे त्याला खांदा द्यायलाही जाऊ शकला नाही. केशर त्याच्याही आधी पडली होती आणि त्याच्याआधी उठली.

बेळगावला येसाजीराव अंथरुणावर होते. छापखान्यात एकटा मारुती. लोकांनी काय करावं ह्याची नोटीस त्याच दिवशी छापून गाडीनं धाडायची होती. त्यात 'खोकला' होता, 'दवाखाना' होता, 'वेगळ्या खोलीत' होतं. मारुतीनं शिशाचे गोल ख हुडकले, ते दोनच निघाले. तेव्हा त्यानं फळीवरची डबी उघडली. गुणानं रागारागानं टाकून दिलेले चार जोडलेले ख त्यानं त्या डबीत ठेवले होते. कुणाला विचारायचं नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतंही. त्यानं ते लावले.

ती नोटीस तिनईघाटच्या स्टेशनावर चिकटली त्या दिवशी गुणा पहिल्यांदा काठी टेकत बाहेर पडला होता. भिंतीपाशी बाया-माणसं उभी होती. वाचणारा कारकून राहिला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "गुणा, तुला येतंय न्हवं? वाच की."

गुणा वाचायला लागला. खोकला आला, त्यानं वाचला. खोली आली, वाचली. दवाखाना आला, तोही वाचला. म्हादूच्या म्हाताऱ्या आईनं ते 'वेगळ्या खोलीत' पुन्हा वाचायला लावलं, आणि एकच खोली आहे तर काय करायचं म्हणून विचारलं. गुणानं पुढची ओळ वाचली. ख बद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कुणाला तो दिसलाच नव्हता. सगळ्यांना खोकला दिसला होता. सहा वर्षं गुणानं ह्या दिवसाची वाट बघितली होती, आणि आता तो आला होता तर विठ्ठल कारकुनाचं टेबल वखारीत रिकामं पडलं होतं.

येसाजीराव बरे झाले. महिन्याभरानं एका मास्तरांचं त्यांना पत्र आलं, की आपल्या छापखान्यातून अशुद्ध अक्षर बाहेर पडतं, हे आपल्या नावाला शोभत नाही. येसाजीरावांनी मारुतीला बोलावून चारी ख चुलीत टाकायला लावले.

गुणाला हे कळलं तेव्हा तो बेळगावला गेला. ह्या वेळी तो दारात बसला नाही, सरळ आत शिरला.

"राव, लोकांनी वाचलं ते. माझ्या गावात मीच वाचून दावलं."

"मरणाच्या घाईत लोक काहीही वाचतात," येसाजीराव म्हणाले. अजून अशक्त होते, आवाज चिरका लागत होता. "त्यानं चूक बरोबर होत नाही."

"लोकांना वाचता येतंय ते चूक, आणि येत न्हाई ते बरोबर. असंच न्हवं?"

"गुणा, तू चांगला कोरतोस. कोरत राहा. अक्षर कसं असावं हे ठरवायला दुसरी माणसं आहेत."

"मग त्यांनाच पटाशी द्या," गुणा म्हणाला आणि निघाला. त्यानंतर त्यानं पाटणेकरांसाठी एकही अक्षर कोरलं नाही. मोडलेले र, झिजलेले काने बदलून मागायला निरोप येत राहिले. त्यानं निरोप्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

येसाजीरावांनी मग मुंबईच्या एका टाईप ओतणाऱ्या कारखान्याला लाकडी संच नमुना म्हणून दिला. १९२२ साली शिशाची, अगदी गुणाच्या हातची वाटतील अशी अक्षरं डब्यांतून आली. सोबत नमुन्याचा कागद होता. मारुतीनं तो गुणाला दाखवायला तिनईघाटपर्यंत आणला. वर छापलं होतं, 'येसाजी अरुंद'.

मारुतीला वाटलं, गुणा कागद फाडणार. गुणानं तो उन्हात धरला आणि अ पासून ज्ञ पर्यंत बोट फिरवत नेलं. ख पाशी, जुन्याच तुटक ख पाशी, बोट थांबलं नाही.

"वेलांटी जाड केलीया," तो म्हणाला. "ओतताना दबली असंल. आणि ठ ला पाच कोन हायत. माझ्या ठ ला सहा व्हते."

"गुणामामा, नाव बघितलंस का वर?"

"बघितलं. मला वाचता येतंय आता."

दोन वर्षांनी मारुतीनं पाटणेकरांची नोकरी सोडून खानापुरात स्वतःचं पायानं चालवायचं एक जुनं यंत्र घेतलं. शिसं त्याला परवडणारं नव्हतं. तो गुणाकडे आला. "मला संच कोरून दे. तुला हवा तसा. ख सुद्धा."

"आता न्हाई," गुणा म्हणाला.

मारुती दुसऱ्यांदा आला तेव्हाही तो तेच म्हणाला. तिसऱ्यांदा मारुतीनं संचाचा विषयच काढला नाही. अंगणात बसून केशरनं दिलेली पेज प्याला आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी करून गेला. तो गेल्यावर केशरनं माळ्यावरून हेदाच्या चकत्या खाली काढल्या. किती वर्षं त्या तिथं होत्या, गुणाला माहीत नव्हतं.

"ह्या कवा ठेवल्यास?"

"ठेवल्या कवातरी," ती म्हणाली. "जळणाला काढू?"

गुणानं त्या तिच्या हातातून घेतल्या.

त्यानं सुरुवात अ पासून केली नाही. आधी ख कोरले, एकदोन नाही, वीस. मारुती म्हणाला, एवढे ख कुठल्या नाटकात लागतात? गुणानं लक्ष दिलं नाही. मग ग, घ, च असं पुढे सरकत गेला. पण पंचेचाळिशी उलटली होती आणि डोळ्यांवर पडदा यायला लागला होता. उलटं अक्षर आता लाकडावर धूसर दिसायचं. ठ त्यानं बोटानं चाचपत कोरला, सहाही कोनांचा. त चे तीन तुकडे फुटले, चौथा साधला. थ अर्ध्यावर सोडला. पुढचं काही झालं नाही.

अ पासून क पर्यंतची, थ पासून ज्ञ पर्यंतची अक्षरं आणि काने-मात्रा मारुतीनं मोडीत निघालेल्या कुठल्याशा टाईपातून जमवली. त्यामुळे खानापूरच्या त्या छापखान्यातली जाहिरात एका ओळीत अर्धी ताठ आणि अर्धी गोल निघायची. गिऱ्हाइकं कुरकुर करायची, पण काम मारुतीकडेच द्यायची, कारण तो जवळ होता.

गुणा एकदा मुद्दाम ते बघायला खानापूरला गेला. कुस्त्यांची जाहिरात यंत्रावर होती. मारुतीनं पहिला कागद उचलून त्याच्या अगदी डोळ्यांशी धरला. 'खानापूर' असं मोठ्या अक्षरात होतं. गुणानं ते पुष्कळ वेळ निरखलं.

"ख बरा आलाय," मारुती म्हणाला.

"न लई जाड हाय," गुणा म्हणाला. "त्याच्या शेजारी ख उपाशी दिसतोय. अख्खं गाव नासलं बघ त्या न नं."

"मग न कोरून दे की."

"दिसत न्हाई रे आता."

मारुतीनं कागद वाळत घातला आणि पुढचा लावला. पाय चालवत चालवत तो म्हणाला की बाहेर चहा सांगितलाय. गुणा म्हणाला, तिनईघाटची गाडी चारची आहे, आणि उठला.